डच: माणसाबद्दल बोलताना 'वारमे' की 'मेट वी'?

कालवाकाठ
'ज्या माणसाशी मी बोलतो' याला पुस्तकात 'द मान मेट वी इक प्राट' दिलंय. ऑफिसात मात्र डच लोकांच्याच तोंडी 'द मान वारमे इक प्राट' ऐकू येतं. स्टाट्सएक्झामेनच्या (डच भाषेची सरकारी परीक्षा, बी१ म्हणजे मधली पातळी) लेखनात काय धरावं? 'ओव्हर हेम' आणि 'एरोव्हर' (दोन्ही 'त्याच्याबद्दल') यांतही गोंधळ होतो.

डेल्फ्टकर
परीक्षेत 'मेट वी'च.

प्रेपोझिशननंतर ('मेट', 'ओव्हर', 'ऑप' असे शब्दयोगी शब्द) माणूस असेल तर सर्वनाम जसंच्या तसं येतं: मेट हेम, ओव्हर हार, आन वी. वस्तू किंवा विषय असेल तर 'एर', 'दार', 'हीर' किंवा 'वार'ला प्रेपोझिशन चिकटतं: एरोव्हर, दारआन, वारऑप. चिकटताना 'मेट'चं 'मे' होतं आणि 'टॉट'चं 'टू': एरमे, एरटू.

प्रश्नातही तेच. बसची वाट बघताय तर 'वार वाख्त ये ऑप?', मैत्रिणीची तर 'ऑप वी वाख्त ये?'. पहिल्यात 'वार' आणि 'ऑप' लांब जातात, 'ऑप वी' मात्र एकत्रच सुरुवातीला बसतं. मराठीत 'त्याच्याबद्दल' माणसालाही चालतं नि सिनेमालाही, म्हणून आपण इथे अडखळतो.

'मेट दी' असं जोडवाक्यात कधीच लिहू नका. शिवाय 'वी'ला द-हेटचा भेद (डच नामांना लागणाऱ्या 'द' किंवा 'हेट' या उपपदांचा) नाही: 'हेट मेइश्य दाट दार झिट' (तिथे बसलेली मुलगी), पण 'हेट मेइश्य मेट वी इक वेर्क'.

उत्रेख्तची_पेठ
खरी फसगत 'हेम'पाशी होते, कारण द-शब्द असेल तर 'हेइ' आणि 'हेम' वस्तूलाही लागतात. खुर्चीबद्दल 'इक हेप हेम खेकॉख्त' अगदी बरोबर. पण प्रेपोझिशन आलं की ती सवलत संपली. 'इक झिट ऑप हेम' म्हणालात तर कुणाच्या तरी अंगावर बसलात! तिथे 'इक झिट एरॉप'.

अनेकवचनी माणसांना प्रेपोझिशननंतर 'हेन': 'इक खेफ हेट बूक आन हेन' (मी त्यांना पुस्तक देतो). 'आन' काढलंत तर 'इक खेफ हुन हेट बूक'. आयत्या वेळी आठवलं नाही तर जोर न देता 'झ' म्हणा, दोन्हीकडे खपतं.

काही शब्दांत प्रेपोझिशनच बदलतं. माणसावर रागावलात तर 'बोस ऑप हेम', गोष्टीवर रागावलात तर 'दार बेन इक बोस ओव्हर'. आणि फोन करायच्या 'बेलन'ला प्रेपोझिशन लागत नाही: 'इक बेल हार'.

कालवाकाठ
मग ऑफिसातलं 'वारमे' चुकीचं म्हणायचं का?

डेल्फ्टकर
बोलण्यात ते सर्रास आहे, कुणी अडवणार नाही. औपचारिक लेखनात मात्र बऱ्याच वाचकांना खटकतं, म्हणून तिथे टाळलेलं बरं. उलट दिशेला सूट नाही: पेनाला 'मेट वी' बोलतानाही चालत नाही. 'हेट टीम वारमे' हे समूहाला ठीक, 'ईमांट' (कुणीतरी) असेल तर 'वी', 'ईट्स' (काहीतरी) असेल तर 'वार'.

'इक रेकन ऑप हार' (माझा तिच्यावर भरवसा आहे) आणि 'इक रेकन एरॉप दाट झेइ कोम्त' (ती येईल असा भरवसा आहे) ही जोडीही बघून ठेवा. दुसऱ्या वाक्यात माणूस आहे, पण भरवसा तिच्या येण्यावर आहे, म्हणून 'एरॉप'.

लिहून झालं की 'वार' आणि 'एर'चे जोडशब्द तेवढे शोधा आणि प्रत्येक जण कुणाकडे बोट दाखवतोय ते तपासा. माणूस निघाला तर प्रेपोझिशन सुटं करा, आणि 'मे'चं पुन्हा 'मेट' करायला विसरू नका.