हवाई क्रूझच्या आधी बीच हॉटेल की नंतर? सोबत सासू-सासरे आहेत

एडिसनची_निशा
नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत राहतो, नेवार्कहून विमान. एप्रिलच्या सुट्टीत हवाईची क्रूझ बुक केलीये, प्राइड ऑफ अमेरिका, होनोलुलूहून शनिवारी संध्याकाळी सुटते आणि पुढच्या शनिवारी सकाळी तिथेच परत. आम्ही दोघं, मुलगा 6 वर्षांचा आणि पुण्याहून आलेले सासू-सासरे. हीच बोट निवडायचं खरं कारण म्हणजे ती अमेरिकेबाहेर जातच नाही, त्यामुळे आमचं एच-वनचं (वर्क व्हिसाचं) स्टॅम्पिंग काय नि त्यांचा व्हिजिटर व्हिसा काय, कशाचीच भानगड नाही. लॉस एंजेलिसहून जाणाऱ्या बोटी मधे मेक्सिकोत थांबतात असं कळलं आणि तो नाद सोडला.

आता घोळ हॉटेलचा. क्रूझ सोडून 3 रात्री हातात आहेत. नवरा म्हणतो तिन्ही आधी घालू, विमान लेट झालं तर बोट चुकायला नको. मला वाटतं नंतर, कारण बोटीवर रोज नवं बंदर, रोज सकाळी उठून चला चला, मग शेवटी दोन दिवस तरी वाळूत निवांत पडायला मिळावं की नाही? सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांची मागणी एकच, समुद्रात पाय बुडवून बसायचंय. मामंजींना रात्री गरम वरण-भात लागतो, मग जग बुडालं तरी चालेल. होनोलुलूतल्या वायकिकीला अगदी बीचवरच्या हॉटेलांचे रेट बघून डोळे पांढरे झाले, रस्त्यापलीकडे बऱ्याच स्वस्तात मिळतंय. बीचवरच राहण्यात खरंच अर्थ आहे का? आणि ते को ओलिना म्हणून सारखं समोर येतंय ते कसं आहे?

ओआहूचा_अण्णा
निशाताई, इथे राहून बरीच वर्षं झाली, दर सुट्टीत कुणी ना कुणी पाहुणे असतातच, त्यामुळे हा प्रश्न आमच्या घरी वर्षातून चारदा येतो.

पहिली गोष्ट, हवाईत समुद्रकिनारा सगळा सार्वजनिक आहे, कुठल्याही हॉटेलच्या बापाचा नाही. कितीही महागडं हॉटेल असो, त्याच्या पुढच्या वाळूत तुम्ही चटई टाकून बसलात तर कुणी उठवू शकत नाही (हॉटेलच्या खुर्चीत बसलात तर बिल येईल, ते वेगळं). त्यामुळे बीचवरचं म्हणून जे पैसे जातात ते वाळूचे नसतात, लिफ्टमधून उतरून थेट पाण्यात जाता येतं त्याचे असतात.

दुसरं म्हणजे वायकिकीचा नकाशा जरा नीट बघा. कालाकाउआ हा समुद्राला लागून जाणारा रस्ता. मोआना सर्फरायडर या 1901 सालच्या पांढऱ्या हॉटेलापर्यंत समुद्राच्या बाजूला हॉटेलं दाटीने उभी आहेत, पण ते ओलांडून डायमंड हेडच्या डोंगराकडे निघालात की कुहियो बीच लागतो आणि तिथे समुद्राच्या बाजूला हॉटेलच नाही, नुसती बाग, बाकं, नारळ आणि पाणी. म्हणजे तिथलं रस्त्यापलीकडचं हॉटेल म्हणजे खिडकीसमोर मोकळा समुद्र, मधे आडवं काही नाही, सिग्नलला रस्ता ओलांडला की पाय वाळूत. आणि कुहियोला समुद्रात दगडी बांध घातलाय, त्याच्या आत लाटा येत नाहीत, डोहासारखं पाणी असतं. काकूंना तिथे बसवा. फक्त त्या बांधावर चढू देऊ नका, शेवाळ असतं, धडधाकट पोरंही तिथे सडकून आपटतात.

आधी की नंतर? 2 आधी, 1 नंतर. तुम्ही नेवार्कहून येणार म्हणजे 11 तासांचं विमान आणि एप्रिलमध्ये घड्याळ 6 तास मागे. पहिल्या दिवशी पहाटे 3 लाच सगळे टक्क जागे होणार आणि त्याचाच फायदा घ्यायचा, 6 वाजता वायकिकी रिकामं असतं, ऊन नाही, गर्दी नाही, म्हाताऱ्या माणसांसाठी तीच वेळ. गुरुवारी या. शुक्रवारी रात्री हिल्टन हवाईयन व्हिलेजसमोर फटाके उडवतात, ते बघायला तिथे राहायची गरज नाही, वाळूत बसून फुकट दिसतात. शनिवारी दुपारी बोट, वायकिकीहून धक्का टॅक्सीने 15 मिनिटं.

मंजू_फ्रीमाँट
अण्णांचं बाकी सगळं पटलं पण आधी 2 नाही पटलं. आम्ही मागच्या वर्षी आई-बाबांना घेऊन हीच बोट केली, आधी 1 रात्र आणि नंतर 3. आमचं विमान 5 तासांचंच होतं म्हणा.

या बोटीवर समुद्रात नुसता पडून राहायचा दिवसच नसतो. माऊई बेटाला मुक्काम, मग बिग आयलंडवरचं हिलो, मग तिथलंच कोना, मग काउआई बेटाला मुक्काम, आणि शेवटच्या दुपारी तिथल्या 'ना पाली' किनाऱ्याचे कडे बघायला सगळं जग एका बाजूच्या डेकवर. हिलोला पाऊस ठरलेला, आम्ही धबधबा छत्रीतून बघितला. कोनाला बोट धक्क्याला लागत नाही, लांब उभी राहते आणि छोट्या बोटीत बसून किनाऱ्यावर जायचं, ती हलत असते आणि तेवढ्यात पाय उचलून टाकायचा. आईचा हात खलाशाने धरला आणि ती त्याला मराठीत सांगत होती, अरे थांब बाबा, गुडघा वाकू दे आधी. गुडघेवाल्यांनी तो दिवस बोटीवरच घालवला तरी काही बिघडत नाही.

शनिवारी उतरलो तेव्हा सगळे असे पेंगुळलेले की आणखी काही बघायचंय म्हटलं असतं तर बाबांनी मारलं असतं. पुढचे 3 दिवस नुसतं समुद्र, झोप, समुद्र. ते आधी घेतलं असतं तर वाया गेलं असतं, कारण आधी मन बोटीकडे लागलेलं असतं, बॅगा अर्ध्या उघड्या अर्ध्या बंद, पासपोर्ट कुठेय बघ.

एक चूक मात्र आमच्यासारखी करू नका. बोटीतून सकाळी 8-9 लाच बाहेर काढतात आणि हॉटेलची खोली 3 वाजता मिळते. आम्ही बॅगा हॉटेलात ठेवल्या पण पोहण्याचे कपडे बॅगेत तळाला! लॉबीत सगळ्यांसमोर बॅग उघडून बाबांची लुंगी, आईचं वळकटीसारखं गुंडाळलेलं नऊवारी (का आणलं होतं देव जाणे) सगळं बाहेर आलं. तर शेवटच्या रात्री एका पाठीवरच्या सॅकमध्ये समुद्राचे कपडे, गोळ्या, टॉवेल वेगळे काढून ठेवा.

आणि पार्शल ओशन व्ह्यू या शब्दांना भुलू नका. आमच्या खोलीतून समुद्र दिसायचा, म्हणजे गॅलरीच्या कोपऱ्यात उभं राहून मान डावीकडे काढली की दोन इमारतींच्या फटीतून निळी पट्टी. नवऱ्याने रोज सकाळी चहा घेऊन तिथे उभं राहून पैसे वसूल केले.

ठाणेकर_टेक्सासवाला
पैशाचं कोणी बोललंच नाही म्हणून मी बोलतो. वायकिकीला बहुतेक हॉटेलं खोलीच्या भाड्यावर वेगळी रिसॉर्ट फी लावतात, रात्रीला 50 डॉलर सहज. पूर्वी हे शेवटच्या पानावर कळायचं, मे 2025 पासून ती धरूनच भाव दाखवायचा असा केंद्राचा नियम आलाय, तरी टॅक्स वरून लागतो आणि हवाईत तो 19 टक्क्यांच्या आसपास जातो. गाडीचं पार्किंग आणखी वेगळं, तेही रात्रीला 50 च्या घरात किंवा वर. वायकिकीत राहायचं तर गाडी घेऊच नका, एखादा दिवस फिरायचं तर तेवढ्यापुरती घ्या.

को ओलिना छान आहे, खोटं कशाला बोलू. माणसांनी बांधलेली 4 गोल तळी आहेत समुद्राला जोडलेली, लहान मुलासाठी एक नंबर. पण ते ओआहूच्या, म्हणजे होनोलुलूच्याच बेटाच्या, पश्चिम बाजूला, वायकिकीहून ट्रॅफिक नसेल तर पाऊण तास, आणि संध्याकाळी शहरातून तिकडे जाणारा हायवे तुंबलेला असतो. एकदा तिथे गेलात की जेवायला तिथलीच महागडी ठिकाणं, चालत जाऊन काही आणू म्हणाल तर फारसं काही नाही. क्रूझच्या आधी तर अजिबात नको. नंतर 3 रात्री असतील आणि गाडी असेल तर विचार करा.

स्वस्त म्हणून कुणाच्या घरातली खोली घेणार असाल तर सांभाळून. ओआहूवर रिसॉर्टचे ठरावीक भाग सोडले तर थोड्या दिवसांसाठी घर भाड्याने देणं बहुतेक बेकायदा आहे.

अलिबागची_सुलू
वरण-भाताचं मी सांगते. किचनेट असलेली खोली शोधा, वायकिकीत बऱ्याच आहेत, जरा जुन्या असतात पण मायक्रोवेव्ह, फ्रिज, कधी शेगडीसुद्धा असते. राइस कुकर न्यायचा मोह होईल, पण बोटीवर तसली तापणारी उपकरणं चालत नाहीत, तपासणीत काढून ठेवतात. आणि जर्सीहून पर्समध्ये कढीपत्ता नेऊ नका, हवाईत झाडपाला, फळं काही आणलं तर जाहीर करावं लागतं. परत निघतानाही शेतीखात्याची तपासणी असते, अननस नेता येतो, तिथला आंबा नाही.

बाजारात लुआउ लीफ म्हणून पानं दिसतील, ती आपली अळूचीच. माझ्या सासूबाईंनी तर हॉटेलच्या मायक्रोवेव्हमध्ये अळूवडी करायचा घाट घातला होता. पण लाऊलाऊ म्हणून त्याच पानात गुंडाळलेलं मिळतं त्यात बहुतेक डुक्कर असतं, शाकाहारी असाल तर पान बघून हुरळू नका.

अजून एक, वायकिकीला पौर्णिमेनंतर 8 ते 10 दिवसांनी किनाऱ्यावर बॉक्स जेलीफिश येतात, जाम डसतात. म्हणजे आपल्या हिशोबाने वद्य अष्टमी ते दशमी. हॉटेल बुक करायच्या आधी मराठी कॅलेंडर उघडा!

ओआहूचा_अण्णा
सुलूताई, ही तिथीची आयडिया भारी आहे, इतकी वर्षं मी लाइफगार्डच्या वेबसाइटवर तारखा बघतोय. तरी किनाऱ्यावर लावलेला बोर्ड बघूनच पाण्यात उतरा, जेलीफिश काही पंचांग वाचत नाहीत. त्या दिवसांत काकूंना हिल्टनच्या पुढच्या ड्यूक काहानामोकू लगूनला न्या, खाऱ्या पाण्याचं तळंच आहे, लाट शून्य, तेही सगळ्यांना खुलं.

आणि मंजूताई, मुद्दा मान्य. कॅलिफोर्नियाहून येणाऱ्यांनी तुमच्यासारखं करावं. पण जर्सीहून येऊन दुसऱ्याच दिवशी बोटीत चढलं तर माऊईला पोरगं जेवता जेवता ताटात झोपेल.

एडिसनची_निशा
बापरे, सगळ्यांचे आभार, एका संध्याकाळीत इतकं मिळालं. घरी वाचून दाखवलं. ठरलं असं, गुरुवार-शुक्रवार 2 रात्री आधी, कुहियो बीचसमोर रस्त्यापलीकडे, साधंच पण किचनेटवालं. नंतरची 1 रात्र मात्र नवऱ्याशी भांडून अगदी वाळूवरच्या हॉटेलात घेतलीये, एक रात्र परवडते, आणि शनिवारी सकाळपासून रविवार दुपारपर्यंत धरली तर तसे दोन दिवस होतात. को ओलिना कॅन्सल.

सासूबाईंनी कॅलेंडर काढून बघितलं, आमचा गुरुवार बरोब्बर वद्य नवमीला येतोय 😭 तर पाय बुडवणं त्या तळ्यातच. मामंजींचा प्रश्न मात्र अजून शिल्लक आहे: बोटीवर 7 रात्री वरण-भाताचं काय? मंजूताई, तुमच्या बाबांनी काय केलं?

मंजू_फ्रीमाँट
बुफेत साधा भात मिळायचा. वरणाऐवजी जे पिवळं दिसेल ते. तिसऱ्या दिवसापासून आईने लोणच्याची छोटी बाटली टेबलावर काढून ठेवायला सुरुवात केली, सीलबंद होती म्हणून चालली असावी. घेऊन जा.