बर्फातला तापमापक आणि आपला पाऊस

एका भाऊंनी विचारलंय, पूर्वी तापमापकच नव्हता तर ध्रुवावरचं जुनं तापमान सांगणं म्हणजे अंदाजपंचेच ना? नाही हो, त्याची खूण तिथल्या जुन्या बर्फातच असते. पाण्याच्या साधारण ५०० रेणूंमागे एकात जड ऑक्सिजन-१८ असतो. ढग ध्रुवाकडे सरकत थंड होतो तसे हे जड रेणू आधी गळून पडतात. थंडी जितकी जास्त, तितका शेवटी पडणारा बर्फ 'हलका'. डेन्मार्कच्या विली डान्सगार्ड यांनी १९५२ मध्ये बिअरच्या बाटलीला नरसाळं लावून पाऊस गोळा केला, तिथून हे सुरू झालं! १९६४ मध्ये त्यांनी प्रमाण मांडलं: तापमान एक अंशाने कमी, तर बर्फातला जड ऑक्सिजन हजारी सुमारे ०.७ ने कमी.

खरा घोळ पुढेच आहे. हे प्रमाण आजच्या वेगवेगळ्या ठिकाणांवरून काढलेलं. ग्रीनलंडच्या बर्फात खोल छिद्र पाडून तापमान मोजलं, तेव्हा हिमयुगासाठी हे प्रमाण जवळपास निम्मंच निघालं. म्हणजे तेव्हाची तापमानातली घट आधी वाटली त्याच्या दुपटीच्या आसपास.

आणि नागपूरच्या पावसाला हे सूत्र लावू नका बाप्पा! उष्ण कटिबंधात तापमानापेक्षा पाऊस किती पडला यावर जड ऑक्सिजनचं प्रमाण जास्त ठरतं. आपल्या मे महिन्यातल्या ४५ अंशांचा पत्ता जुलैच्या बाटलीत लागायचा नाही.