सावली आधी सुईने, मग पुसण्याने

ड्रायपॉइंटमध्ये, म्हणजे तांब्याच्या प्लेटवर थेट सुईने रेषा कोरून केलेल्या छपाईत, चेहऱ्यावरची सावली प्लेट पुसताना शाई राखून आणायची आणि सुई बाह्यरेषेपुरतीच वापरायची, असं एक मत आहे. ते मला अर्धंच पटतं. राखलेल्या शाईचा टोन सपाट बसतो. उन्हात रापलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या डोळ्याखालचा खोल अंधार त्यात येत नाही, तो बरमधूनच, म्हणजे सुईने उठवलेल्या धातूच्या धारेमधूनच येतो. तांब्यावर सुई साधारण ६० अंशांत कलती ओढली की रेषेच्या एका कडेला धातूची धार उभी राहते. तीच शाई धरते आणि रेष मखमली छापते. सुई फार आडवी धरली तर बर कमजोर होतो, दोन-चार प्रिंटमध्येच मोडतो. फेट्याखालचं कपाळ आणि गालाचा खळगा दाट, कमी-जास्त दाबाच्या रेषांनी भरा. उजेडाकडचा गाल आणि पांढऱ्या मिशा इथला बर मात्र स्क्रेपरने (धातू खरवडायच्या हत्याराने) काढा, तिथे कोरडी रेषच बोलते. डच चित्रकार रेम्ब्राँटच्या १६४७ च्या 'यान सिक्स' या व्यक्तिचित्रात एचिंगला (आम्लाने कोरलेल्या रेषांना) ड्रायपॉइंटची जोड आहे, त्यातला खोलीचा काळोख जरूर बघा.

आपल्या विदर्भातल्या एप्रिल-मेचा मुद्दा मात्र त्या मतात राहूनच गेला. ४४-४५ अंशांत शाई सैल पडते आणि पुसताना रेषेतूनच निघून येते. चिमूटभर मॅग्नेशियम कार्बोनेट मिसळून ती घट्ट करा. टार्लटन (शाई पुसायचं जाळीदार कापड) हलक्या हाताने, शक्यतो रेषेच्या दिशेने फिरवा. कागद रात्रीच भिजवून ब्लॉटिंग पेपरमध्ये, वरून प्लास्टिक गुंडाळून ठेवा. नाहीतर प्रेसवर जाईस्तोवर कडा सुकतात आणि तिथला टोन फिका उठतो. छपाई सकाळी लवकर उरका.