एकाच्या शेजारी दुसरा: सिनेमे मिसळून बघावेत की नाही?

कृष्णाकाठ (सांगली):
गेल्या पावसाळ्यापासून घरात एक नियम केलाय. शनिवारी रात्री जेवणं उरकली की एक सिनेमा, आणि लागोपाठच्या दोन शनिवारी एका जातीचे सिनेमे लावायचे नाहीत. ‘कांतारा’ झाला. टोकियोत सार्वजनिक संडास धुणाऱ्या माणसाचा ‘परफेक्ट डेज’ झाला. मधे तोंडी लावायला ‘बाईपण भारी देवा’ झाला. मित्र म्हणतात ही भेळ आहे, कशाचीच चव धड लागत नाही. मला उलटं वाटतं. सिनेमा कधी एकटा दिसत नाही, शेजाऱ्यासकट दिसतो.

‘पिंजरा’ मी लहानपणापासून चार-पाच वेळा तरी बघितला असेल, सगळ्या वेळा लावण्यांसाठी. तो १९३० च्या ‘द ब्लू एंजल’ या जर्मन सिनेमावर बेतलेला आहे हे ऐकून होतो, म्हणून यंदा आधी जर्मन बघितला आणि पुढच्या शनिवारी शांतारामबापूंचा. (नियम मोडला, मान्य.) दोन्हीकडे नाचणारीच्या नादानं बुडालेला मास्तर. जर्मन मास्तरला त्याच्याच गावच्या स्टेजवर आणतात, डोक्यावर अंडी फोडतात, कोंबड्यासारखं आरवायला लावतात. तिथनं पळून तो रात्री आपल्या जुन्या वर्गात जातो आणि टेबलाला घट्ट धरून मरतो. आपला मास्तर मेला असं गाव समजतं, मग त्याच्यावर स्वतःच्याच खुनाचा आळ येतो, आणि तो गप्प राहून फाशी पत्करतो, का तर गावाच्या मनातला गुरुजी मरू नये. एक अब्रू गेली म्हणून मरतो, दुसरा अब्रू राखायला. इतक्या वेळा बघून मला हे दिसलं नव्हतं. पडद्यावर मास्तर झालेले डॉ. लागू फडात तुणतुणं धरून उभे असताना मी ढोलकीच ऐकत होतो.

एकमार्गी (सातारा):
उदाहरण चांगलं आहे, पण ते तुमच्याच विरुद्ध जातं. नियम मोडलात तेव्हाच काहीतरी हाती लागलं.

आमच्याकडं मेणवलीच्या घाटावर माणसं येतात, ‘स्वदेस’ इथं झाला म्हणून पायऱ्यांवर फोटो काढतात आणि वाईत जेवून परत जातात. दर शनिवारी नवा देश म्हणजे तसंच आहे. मी गेल्या वर्षी बंगाली दिग्दर्शक सत्यजित राय यांचे अपू नावाच्या पोराचे तिन्ही सिनेमे ओळीनं बघितले, १९५५ चा ‘पथेर पांचाली’, १९५६ चा ‘अपराजितो’ आणि १९५९ चा ‘अपूर संसार’. पहिल्यात दोन पोरं काशफुलांतनं धावत आगगाडी बघायला जातात. दुसऱ्यात तीच गाडी पोराला कलकत्त्याला नेते आणि आई गावात वाट बघत बसते. तिसऱ्यात अपूची खोलीच रुळांच्या कडेला आहे, इंजिनानं शिट्टी मारली की त्याची नवी बायको कानांवर हात ठेवते. मधल्या शनिवारी दुसरं काही बघितलं असतं तर ती शिट्टी मला नुसती शिट्टी वाटली असती.

मिरजेची मावशी:
तुमचं दोघांचं चालू द्या. पण ‘तोंडी लावायला’ म्हणजे काय हो, कृष्णाकाठ? २०२३ साली आमच्या भिशीच्या अकराजणी नऊवारी नेसून गेलो होतो तो सिनेमा बघायला. त्यातल्या दोघी सख्ख्या जावा, सहा वर्षं बोलणं नव्हतं. मध्यंतराला एकीनं दुसरीला वेफर्सचा पुडा पुढं केला. जपानी संडासवाल्याला ताट आणि आम्हाला लोणच्याची वाटी, ही वाटणी कुणी केली? मिसळून बघता म्हणता आणि मनात पंगती वेगळ्याच मांडता.

कृष्णाकाठ:
मावशी, बोललात ते लागलं. शब्द मागे घेतो.

जतकर:
माझी तक्रार वेगळी. तुमी कांतारा हिंदीत बघितला असणार. आमच्या घरात निम्मं बोलणं कानडी, तरी मला पयली पंधरा मिनिटं जड गेली, कारण ती किनाऱ्यावरच्या कुंदापूरकडची भाषा. आमची जतची कानडी विजापूरच्या वळणाची. मग कान बसला आणि मजा आली. डबिंगमधी सगळी माणसं एकाच गावची वाटत्यात. दहा मुलखांचे सिनेमे आणि सगळे एकाच भाषेत, मग भेळ तरी कुठं झाली? सगळा चुरमुराच की!

जुना ऑपरेटर (विटा):
मी मशीनमध्ये कार्बनच्या कांड्या जाळून त्या उजेडात सिनेमे दाखवलेत. दोन मशिनं, एका रिळाला अठरा-वीस मिनिटं. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर ठिपका आला की दुसरं मशीन चालू करायचं, चुकलं की शिट्ट्या. खरसुंडीच्या यात्रेत तंबूत बसायला जागा नसली की लोक पडद्याच्या मागं बसायचे, त्यांना हिरो डावखुरा दिसायचा. तक्रार कुणाची नव्हती. आज देवाधर्माचा, उद्या डाकूचा, परवा तमाशाचा, रिळांची जी पेटी येईल ती लावायची. मिसळ आम्हीच वाढत होतो, पण ‘मी काय काय बघतो’ असं कुणी सांगत हिंडत नव्हतं. आणि थांबवायचं बटण नव्हतं. तुम्ही तो जपानी सिनेमा मधे किती वेळा थांबवला, खरं सांगा.

कृष्णाकाठ:
तीन वेळा. एकदा दूध उतू गेलं म्हणून.

एकमार्गींना मात्र एक सांगायचंय. ज्या रायांचं नाव तुम्ही घेताय ते १९५० साली जाहिरात कंपनीच्या कामानं लंडनला गेले आणि त्या मुक्कामात त्यांनी शंभरेक सिनेमे बघितले. त्यातल्याच एका इटालियन सिनेमानं, ‘बायसिकल थीव्ज’नं, त्यांना आपला सिनेमा असा करायचा हे दाखवलं. ती आगगाडी तुमच्यापर्यंत आली ती भेळ खाल्ल्यामुळंच.

एकमार्गी:
आणि परत येऊन ते एकाच सिनेमाला जे चिकटले ते १९५५ पर्यंत. पैसे संपले, शूटिंग थांबलं, पुन्हा चालू झालं, तरी दुसरीकडं बघितलं नाही. तो भाग तुम्ही सोईस्करपणे गाळलात. शंभर बघा की, कोण नको म्हणतंय? त्यातला एक तरी तुमची सहा महिने झोप उडवतो का, एवढंच विचारतोय.

मिरजेची मावशी:
माझी झोप ‘माहेरची साडी’नं उडवली होती. तो चालेल का तुमच्या यादीत?

एकमार्गी:
मावशी, तुमच्याशी वाद नाही.

मिरजेची मावशी:
का नाही? घाला की.

जतकर:
तुमचं मिटंल तवा मिटंल. त्या आगगाडीच्या सिनेमाला मराठी सबटायटल कुठं मिळतंय तेवढं सांगा. आईला दाखवायचाय, तिला इंग्रजी वाचता येत न्हाई.