प्रशिक्षक भावाचा क्लब सुटला, आता कुठं जावं? सल्ला हवा

काटोलकर
नमस्कार मंडळी. माझा मावसभाऊ एका व्यावसायिक फुटबॉल क्लबचा मुख्य प्रशिक्षक होता. तीन हंगाम काढले, पण करार संपल्यावर क्लबनं नवा केला नाही. हे त्याले पेपरातून समजलं, ते मनातून जाऊन नाही राहिलं. दोन महिने झाले, गावीच आहे. दिवसा संत्र्याच्या बागेत पाणी देते अन् रात्री जुन्या मॅचेस पाहत बसते.

त्याच्याजवळ एएफसीचं, म्हणजे आशियाई फुटबॉल महासंघाचं, प्रशिक्षकाचं ए लायसन्स आहे, त्याच्या वरचं प्रो नाही. म्हणून आयएसएलमध्ये, म्हणजे देशातल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, मुख्य प्रशिक्षकाची जागा सध्या मिळणार नाही. ईशान्येतला एक लहान क्लब मुख्य प्रशिक्षक म्हणून बोलावून राहिला, एक मोठा क्लब सहायक म्हणून. नाही तर नागपूरकडे स्वतःची अकादमी. मावशी म्हणते, "बस झालं बाहेरगाव." काय करावं?

कामठीकर
भाऊ, ईशान्येत जाऊ द्या त्याले. प्रशिक्षक खालिद जमीलचंच पहा. मुंबई एफसीत सात वर्षं काढली, 2016 मध्ये ते सुटलं अन् मिझोरामच्या आयझॉल क्लबले गेला. आयझॉल म्हणजे आय-लीगमधून, तेव्हाच्या राष्ट्रीय लीगमधून, खाली घसरून परत घेतलेला संघ, पैसा कमी, मोठ्या नावाचे खेळाडू कमी. त्याच पोट्ट्यांना घेऊन 2017 मध्ये लीग जिंकली, कोलकात्याच्या मोहन बागानपेक्षा एक गुण जास्त! अन् त्याच हंगामात मुंबई एफसी शेवटची आली. ऑगस्ट 2025 मध्ये हाच माणूस भारताचा मुख्य प्रशिक्षक झाला. मिझोराममध्ये फुटबॉलले माणसं जमतात, आपल्या खेड्यात कबड्डीले जमतात तशी. तिथं केलेलं काम लोकांच्या नजरेत येते.

वर्ध्याची मास्तरीण
कामठीकर, मधली वर्षं तुम्ही सोडलीत. 2019 मध्ये खालिद जमील आयएसएलच्या नॉर्थईस्ट युनायटेड क्लबमध्ये गेले ते सहायक आणि अकादमीचे प्रमुख म्हणून. जानेवारी 2021 मध्ये मुख्य प्रशिक्षकाला काढलं, संघ यांच्या हाती आला आणि यांनी तो प्ले-ऑफपर्यंत, म्हणजे लीगनंतरच्या बाद फेरीपर्यंत, नेला. सहायक होण्यात कमीपणा नाही. स्पेनचा नावाजलेला माजी खेळाडू शाबी अलोन्सोसुद्धा आधी रिआल सोसिएदाद क्लबच्या दुय्यम संघाचाच प्रशिक्षक म्हणून तीन हंगाम राहिला. मग जर्मनीचा लेव्हरकुसेन क्लब, आणि 2023-24 मध्ये एकही सामना न हरता तिथली लीग, बुंडेसलिगा, जिंकली.

अकादमी मात्र आत्ता नको. मी शाळेत मुलींचा संघ चालवते. जूनमध्ये चाळीस मुली येतात, कापूस वेचणी लागली की बाराच उरतात. त्या बारा जणींसाठी मी जीव टाकते, पण त्यावर घर चालत नाही. माझा पगार शाळेचा आहे, तुमच्या भावाला तो आधार नाही.

कामठीकर
ताई, खरं आहे. मग काटोलकर, दोन्ही क्लबांना एकच विचारा: प्रो लायसन्सच्या कोर्ससाठी सुट्टी अन् फी देता का? जो लिहून देईल तिथं जावं. अन् हंगामाच्या मधात काढलं तर किती महिन्यांचा पगार, तेही करारात पाहिजे. एकदा पेपरातून कळलं ना, मग आता तोंडी काहीच नको.

काटोलकर
त्याले हे सगळं वाचून दाखवलं. बराच वेळ बोलला नाही, मग कागद-पेन मागितला. दोन्ही क्लबांना आज रात्रीच मेल जाते. अन् ताई, वेचणीनंतर त्या बारा जणींना पाहायले येऊ का म्हणून विचारून राहिला.

वर्ध्याची मास्तरीण
वेचणीनंतर कशाला, येत्या रविवारीच या. सकाळी सहाला मैदानावर असतो आम्ही.