ट्रान्स मुलीला मुलींच्या शर्यतीत उतरवायचं का? खेळशिक्षकांची आणि पालकांची मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. इंदूरच्या एका शाळेत मी खेळ शिकवते. ओळख पटेल असे तपशील मुद्दाम गाळलेत, कृपया विचारू नका.

आठवीतली एक मुलगी. दाखल्यावर 'मुलगा', पण घरी आणि आता वर्गातही ती मुलगी म्हणूनच वावरते. आईवडील पाठीशी आहेत. तिला १४ वर्षांखालील मुलींच्या ४०० मीटरला धावायचंय. शाळेतल्या हाउसच्या स्पर्धेत ती धावली, कुणी हूं की चूं केलं नाही. जिल्ह्याला नावं पाठवायची वेळ आली तेव्हा दुसऱ्या एका मुलीचे वडील भेटायला आले. "मॅडम, त्या लेकराशी माझं काही वाकडं नाही. पण माझी पोर पहाटे उठून नेहरू स्टेडियमला जाते. तिची जागा गेली तर मी तिला काय सांगू?"

हा माणूस भांडखोर नाही, आणि त्याचं म्हणणं मला उडवून लावता येत नाही. वयात येण्याआधी मुलामुलींच्या वेगात फारसा फरक नसतो. मुलांमध्ये टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन वाढलं की धावण्यात तो साधारण १० ते १२ टक्क्यांवर जातो. ७० सेकंदांत ४०० मीटर धावणाऱ्या मुलीच्या हिशेबानं हे सात-आठ सेकंद झाले, म्हणजे शर्यत संपलीच! आमची मुलगी नेमकी या उंबरठ्यावर आहे. यंदाचं उत्तर पुढच्या वर्षी चालेलच असं नाही.

कायदा वाचला. २०१९ च्या ट्रान्सजेंडर कायद्याचं कलम १३ म्हणतं की शाळांनी खेळाची संधी भेदभाव न करता द्यावी. कोणत्या गटात, ते त्यात नाही. जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळखपत्र मिळतं, अल्पवयीन मुलासाठी पालक अर्ज करतात. पण त्यावर 'ट्रान्सजेंडर' येतं, म्हणजे गटाचा प्रश्न तिथेच. वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्स या जागतिक संघटनेनं मार्च २०२३ मध्ये पुरुषी वयात आलेल्या ट्रान्स महिलांना महिला गटातून वगळलं आणि सप्टेंबर २०२५ पासून महिला गटासाठी जनुक चाचणीही आणली. ते जागतिक क्रमवारीच्या स्पर्धांसाठी. आठवीच्या पोरींना तोच नियम लावायचा?

एक गोष्ट मी करणार नाही: कुणाच्याही शरीराची तपासणी. धावपटू द्युती चंद ट्रान्स नव्हती, तरी २०१४ मध्ये हार्मोनच्या नियमावरून तिला बाहेर ठेवलं. आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादात जाऊन तिला दाद मागावी लागली, ती २०१५ मध्ये मिळाली. शाळेत ही सवय लागली तर उद्या दणकट बांध्याच्या, केस बारीक कापलेल्या कुठल्याही मुलीकडे बोट दाखवतील.

मुख्याध्यापक म्हणतात, "तुम्हीच बघा." (नेहमीचंच.)

कुणी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना अशा बाबतीत लेखी विचारलंय का? पत्रात मुलीचं नाव न घालता नुसता नियम विचारता येतो का? माझा कल असा: शाळेतल्या सगळ्या स्पर्धांत आणि सरावात ती मुलींबरोबर, जिल्ह्यासाठी मात्र आधी लेखी उत्तर. पण उत्तर यायच्या आत नावं द्यायची तारीख गेली, तर तिला नुसतं ताटकळत ठेवल्यासारखं होईल. मिश्र रिलेचा विचारही आहे. तो तिला उपकार वाटेल का, हे ट्रान्स मुलांच्या पालकांनी सांगावं.

आणि त्या वडिलांना काय उत्तर द्यावं? ते शनिवारी पुन्हा येणार आहेत.