केप कोस्टच्या किल्ल्यावर पहिला शब्द कुणाचा?

रानवारा (धागाकर्ती)

घानात राजधानी अक्रापासून पश्चिमेला किनाऱ्याने गेलं की केप कोस्ट आणि एल्मिना ही कोळ्यांची दोन जुनी शहरं लागतात. दोन्हीकडे समुद्राला भिडून एकेक किल्ला आहे. एल्मिनाचा किल्ला पोर्तुगीजांनी १४८२ मध्ये बांधायला घेतला, १६३७ मध्ये तो डचांनी जिंकला आणि १८७२ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेला. केप कोस्टला सुरुवात स्वीडिश व्यापाऱ्यांनी केली, नंतर तोही इंग्रजांचा झाला. सोन्याच्या व्यापारासाठी उभारलेल्या या वखारींच्या तळघरांत पुढे माणसं कोंडली जाऊ लागली. समुद्राकडच्या दारातून त्यांना होड्यांत आणि तिथून जहाजांवर नेत. हे दार आज जगभर 'परत न येण्याचं दार' म्हणून ओळखलं जातं.

१९९० नंतर या किल्ल्यांची मोठी दुरुस्ती झाली. पैसा बराचसा अमेरिकेतून आला. भिंतींना पांढरा रंग लागला, दिवे आले, उपाहारगृहाची सोय झाली. अमेरिका आणि कॅरिबियनमधून येणारे, आणि काही तर घानातच स्थायिक झालेले कृष्णवर्णीय लोक यावर संतापले. आमच्या पूर्वजांच्या यातनांवर रंग फासू नका, तिथे खाणंपिणं चालवू नका, असं त्यांचं म्हणणं होतं. गावातल्या अनेकांना मात्र किल्ल्यामुळे रोजगार यावा, शाळेतल्या मुलांनी तिथे यावं, कार्यक्रम व्हावेत असं वाटत होतं.

वादाला तीस वर्षं झाली, तरी २०१९ च्या 'परतीच्या वर्षा'ने तो पुन्हा वर आला. व्हर्जिनियात पहिले आफ्रिकन बंदिवान उतरल्याला ४०० वर्षं झाली म्हणून घाना सरकारने जगभरच्या आफ्रिकन वंशाच्या लोकांना घरी बोलावलं होतं.

माझं मत असं: वारसा दोघांचा आहे, पण किल्ल्याचं काय करायचं यावर पहिला शब्द तिथे राहणाऱ्यांचा असला पाहिजे. आफ्रिकन ऐक्याच्या चळवळीने स्वयंनिर्णय हे मूल्य सर्वांत वर ठेवलं. मग न्यूयॉर्क किंवा जमैकातल्या किंग्स्टनला बसलेल्या माणसाने, त्याची वेदना कितीही खरी असली तरी, एल्मिनाच्या कोळणीला तिच्याच गावात कसं वागायचं हे सांगावं का? ते गाव शतकानुशतकं दुसऱ्यांचेच हुकूम ऐकत आलंय. निदान आता तरी नको.

मृगजळ

तीव्र असहमत. ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याला विचारल्याशिवाय स्मशानात कुणी हॉटेल काढत नाही.

गावकऱ्यांचा पहिला शब्द म्हणतेस, पण व्यापाराच्या काळात गावं काय करत होती हेही मांड ना. किनाऱ्यावरचे फांटे समाजाचे व्यापारी मध्यस्थ होते. आतल्या भागातलं असांते राज्य युद्धकैद्यांना किनाऱ्याकडे पाठवत होतं. हे घानाचे इतिहासकार स्वतःच लिहितात. मी आज तिथल्या कुणाला दोषी ठरवत नाही, दोनशे वर्षांपूर्वीचं पाप नातवंडांच्या माथी मारू नये. पण ज्यांचे पूर्वज दाराच्या अलीकडे राहिले त्यांनाच दाराबद्दल ठरवायचा अधिकार, आणि ज्यांचे पलीकडे गेले त्यांना नाही, हा कुठला न्याय?

आणि 'दुसऱ्यांचे हुकूम' हे शब्द पलीकडे गेलेल्यांच्या वंशजांना लावू नकोस. घानाच्या स्वातंत्र्यात त्यांचा वाटा आहे. स्वतंत्र घानाचे पहिले नेते क्वामे एन्क्रुमा अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या लिंकन विद्यापीठात शिकले, जमैकाचे कृष्णवर्णीय नेते मार्कस गार्वी यांच्या विचारांनी भारावले. १९४५ च्या मँचेस्टरमधल्या आफ्रिकन ऐक्य परिषदेत एन्क्रुमांच्या बरोबरीने राबणारे जॉर्ज पॅडमोर त्रिनिदादचे. १९५७ मध्ये घाना स्वतंत्र झाल्यावर ते एन्क्रुमांचे सल्लागार झाले. अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस नव्वदी ओलांडल्यावर १९६१ मध्ये अक्राला राहायला गेले, घानाचे नागरिक झाले, १९६३ मध्ये तिथेच वारले. घानाच्या झेंड्यावरचा काळा तारा गार्वींच्या 'ब्लॅक स्टार' जहाज कंपनीची आठवण आहे. झेंड्यावर चालतात आणि किल्ल्यात पाहुणे?

अक्रा_ते_अकोला

नोकरीनिमित्त अक्रात राहिलोय, केप कोस्टला जाणं-येणं व्हायचं. दोघांच्याही बोलण्यात गावाचा स्वतःचा इतिहास येत नाहीये.

केप कोस्टच्या किल्ल्यात पुरुषांना जिथे डांबत त्या तळघरात नाना ताबिर या देवाचं ठाणं आहे. किल्ला ज्या खडकावर बांधला तो खडकच त्या देवाचा, असं गाव मानतं. म्हणजे देव आधीचा, किल्ला नंतरचा, तळघर त्याहून नंतरचं. पुजारी तिथे बसतो आणि परदेशातून आलेले लोकही त्याच्यासमोर पूर्वजांच्या नावाने मद्याची धार सोडतात. आता ही जागा 'गुलामगिरीचं स्मारक' एवढीच ठरवली तर त्या देवाचं आणि पुजाऱ्याचं काय करणार?

याच किल्ल्यात फिलिप क्वाकू यांनी शाळा चालवली. ते केप कोस्टचेच, लहानपणी इंग्लंडला पाठवले गेले, तिथे धर्मोपदेशक झाले आणि १७६६ मध्ये परतले. खाली माणसं साखळदंडांत आणि वर मुलं बाराखडी गिरवताहेत. हे भयंकर आहे, पण त्या भागातल्या शालेय शिक्षणाची गोष्ट त्यांच्याशिवाय सांगता येत नाही. एल्मिनाकडे या. १८९६ मध्ये असांते राजे प्रेम्पे यांना इंग्रजांनी पकडून आधी तिथेच ठेवलं, मग सिएरा लिओनला आणि पुढे सेशेल्स बेटांवर नेलं. १९२४ मध्ये ते परतले. असांतेंची राजधानी कुमासीहून आलेला माणूस एल्मिनाला जातो तेव्हा आपल्या राजाची कोठडी बघायला जातो. त्याला जहाजांची आठवण आधी येत नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

तिकिटाचं एक मात्र मृगजळच्या बाजूने. आपल्याकडे अजिंठ्याला परदेशी पर्यटकाला जास्त दर असतो तसा तिथेही आहे. पण ज्याच्या पणज्याला याच दारातून बाहेर ढकललं, त्याने आत यायला परदेशी म्हणून पैसे मोजायचे? खिडकीपाशी उभं राहून त्या माणसांचे चेहरे मी पाहिलेत. एवढी गोष्ट तरी बदलायलाच हवी, आणि त्यासाठी गावाला काही गमवावं लागत नाही.

जमिनीबद्दलही बोलायला हवं, कारण खरी ताणाताणी तिथे आहे. घानातली बहुतेक जमीन परंपरागत प्रमुख आणि घराण्यांच्या हाती आहे. राज्यघटनेप्रमाणे परदेशी नागरिकाला कायमची मालकी मिळत नाही, जास्तीत जास्त ५० वर्षांचा भाडेपट्टा मिळतो. 'परत आलेल्या' माणसाकडे नागरिकत्व नसेल तर तोही परदेशीच. काही गावं अशा पाहुण्याला मानाचं प्रमुखपद देतात, नाव देतात, वाजतगाजत पालखीतून मिरवतात. पण मान मिळाला म्हणजे सातबाऱ्यावर नाव लागलं असं नाही. त्या गैरसमजातून दोन्ही बाजूंना मनस्ताप झालेला मी जवळून पाहिलाय.

रेवदंडा

धागाकर्तीशी सहमत. लायबेरिया विसरू नका. अमेरिकेतले जन्माने स्वतंत्र आणि गुलामीतून मुक्त केलेले कृष्णवर्णीय तिथे गेले, १८४७ मध्ये स्वतंत्र प्रजासत्ताक स्थापन केलं, आणि आधीपासून तिथे राहणाऱ्या क्रू, ग्रेबो, क्पेले लोकांवर राज्य करू लागले. देशाचं बोधवाक्य आजही 'स्वातंत्र्याच्या प्रेमाने आम्हाला इथे आणलं' असं आहे, आणि त्या 'आम्ही'त मूळचे लोक येतच नाहीत. १९३० मध्ये राष्ट्रसंघाच्या चौकशीत उघड झालं की लायबेरियाचे सत्ताधारीच आपल्या माणसांना स्पेनच्या ताब्यातल्या फर्नांदो पो बेटावर सक्तीच्या मजुरीला पाठवत होते. गुलामांच्या वंशजांनी! राष्ट्राध्यक्षांना पद सोडावं लागलं. एकाच पक्षाची ती सत्ता १९८० च्या रक्तरंजित उठावापर्यंत टिकली.

परतणाऱ्याची वेदना खरी असली म्हणून त्याचा अधिकार आपोआप न्याय्य होत नाही.

मृगजळ

लायबेरियाचं उदाहरण इथे लागू होत नाही. तिथे माणसांना पाठवणारी संस्था १८१६ मध्ये गोऱ्या अमेरिकनांनी काढली होती. त्यातल्या अनेकांना मुक्त कृष्णवर्णीय आपल्या देशात नकोच होते. पाठीशी अमेरिकी आरमार होतं. केप कोस्टला येणारी शिकागोची निवृत्त शिक्षिका बंदूक घेऊन येत नाही. ती सत्ता मागत नाही, पूर्वजांच्या कोठडीची विटंबना होऊ नये एवढंच मागते. या दोन्ही गोष्टींना एका मापाने मोजणं मला सहन होत नाही.

आणि दार उलट्या बाजूने उघडलंही आहे. १९९८ मध्ये जमैका आणि अमेरिकेतून दोन गुलाम व्यक्तींचे अवशेष समुद्रमार्गे केप कोस्टला आणले, त्याच दारातून आत नेले आणि आसिन मान्सो या गावी पुरले. बंदिवानांना किनाऱ्यावर नेण्याआधी ज्या नदीत शेवटची आंघोळ घालत, ती नदी तिथे आहे. दाराच्या समुद्राकडच्या बाजूला आता 'परतीचं दार' अशी पाटी आहे. घानाने स्वतः हे केलं. म्हणजे हक्क मान्यच आहे, फक्त तो समारंभापुरता ठेवायचा की निर्णयातही द्यायचा एवढंच उरलंय.

शब्दवेडी

आपण मराठीत हे का बोलतोय असं कुणी विचारण्याआधी सांगते. १९४६ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी डु बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांपुढे नेला जातोय हे कळल्यावर त्या अर्जाच्या प्रती त्यांनी मागवल्या. अस्पृश्यांची आणि त्यांची स्थिती इतकी सारखी आहे की तिचा अभ्यास आवश्यकच आहे, असं त्यांनी त्यात म्हटलं. डु बॉइस यांनी उत्तरही पाठवलं. तेव्हा हा विषय आपल्याला परका नाही.

मत म्हणाल तर मी मृगजळच्या बाजूने. ज्यांनी सोसलं त्यांच्या स्मृतिस्थळांचं काय व्हावं हे शेजाऱ्यांनी ठरवू नये. त्यांना 'पर्यटक' म्हणणंच मला जाचतं.

रेवदंडा

@शब्दवेडी, मग लेगॉनच्या पुतळ्याचं काय म्हणाल? घाना विद्यापीठाच्या आवारात २०१६ मध्ये भारताने दिलेला गांधींचा पुतळा बसवला. दक्षिण आफ्रिकेतल्या त्यांच्या सुरुवातीच्या लिखाणात आफ्रिकन लोकांबद्दल जे शब्द होते त्यावरून तिथल्या प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी विरोध केला आणि २०१८ मध्ये पुतळा हलवला गेला. तेव्हा कितीतरी भारतीय दुखावले. पण आवार त्यांचं, निर्णय त्यांचा. आपल्या भावनांना तिथे पहिला शब्द मिळाला नाही आणि तो मिळायलाही नको होता.

शब्दवेडी

पुतळ्याबाबत पूर्ण सहमत, पण तो आपण भेट दिला होता. किल्ल्यातून माणसं नेली गेली होती. भेट देणारा आणि नेला गेलेला यांचे हक्क सारखे नसतात.

रानवारा

अक्रा_ते_अकोला यांनी नाना ताबिरबद्दल लिहिलं ते या धाग्यात मला सर्वांत मोलाचं वाटतं. माझा मुद्दा त्याने पक्का होतो. जागेचे थर किती आहेत हे तिथे राहणाऱ्यालाच रोज दिसतं. दुरून येणाऱ्याला एकच थर दिसतो, तोच सर्वांत जखमी असल्यामुळे दुसरं काही दिसू शकत नाही. म्हणून त्याच्या हाती सगळी जागा देऊ नये.

पण गावाचा शब्द म्हणजे सरकारी पर्यटन खात्याचा शब्द नव्हे, हेही ठासून सांगायचंय. २०१९ चा झगमगाट राजधानीतल्या मैफलींत आणि हॉटेलांत जास्त दिसला. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्षांनी १२६ जणांना नागरिकत्व दिलं, ते चांगलंच झालं. बेनिनने तर २०२४ मध्ये गुलाम म्हणून नेलेल्यांच्या वंशजांसाठी नागरिकत्वाचा कायदाच केला. घानाने तसा सरळ, सगळ्यांना खुला कायदा करावा असं मलाही वाटतं. ते झालं की तिकीटखिडकीवरचा प्रश्नही सुटतो आणि भाडेपट्ट्याचाही, कारण माणूस परदेशी राहतच नाही. मग तो केप कोस्टला घर करून राहिला, गावच्या बैठकीत बसला, तर त्याचा शब्द गावाचाच शब्द. माझा आक्षेप दुरून चालवलेल्या हुकमाला आहे.

मृगजळ

नागरिकत्व हवंच, पण त्याने सगळं भागत नाही. नागरिकत्व घ्यायला सगळे येऊ शकत नाहीत. मिसिसिपीतल्या गरीब माणसाला विमानाचं तिकीटही परवडत नाही. त्याच्या पूर्वजांचं तळघर म्हणून त्याचा काहीच हक्क नाही?

थेट विचारते. किल्ल्याची व्यवस्था बघणाऱ्या मंडळात परदेशातल्या वंशजांचे प्रतिनिधी असावेत की नाही? आणि त्यांना नकाराधिकार असावा की नाही?

रानवारा

प्रतिनिधी असावेत. सरसकट नकाराधिकार नको. वरच्या दालनांत वाचनालय काढायचं, शाळेच्या मुलांचे कार्यक्रम करायचे, गावच्या अफाह्ये उत्सवात किल्ला उघडा ठेवायचा, यात बाहेरच्या कुणाची परवानगी लागू नये. तळघरं आणि ते दार यांच्यापुरता मात्र मला नकाराधिकार मान्य आहे. तिथे दिवे, रंग, विक्री काहीही करायचं तर त्यांची संमती घ्यावी. आणि तळघरापुरताच तसाच अधिकार नाना ताबिरच्या पुजाऱ्यालाही असावा.

मृगजळ

पुजाऱ्याचं मान्य. तळघरांचं मान्य. पण वरच्या दालनांचा हिशेब मी सोडणार नाही. केप कोस्टला पुरुषांच्या तळघराच्या बरोबर वर प्रार्थनागृह होतं. खाली माणसं गुदमरत असताना वर स्तोत्रं म्हटली जात होती, तर तो मजलाही त्याच गुन्ह्याचा भाग आहे. तिथे वाचनालय जरूर काढा. उपाहारगृह आणि लग्नाच्या पंगती नकोत, आणि यावर वंशजांचाही नकार चालला पाहिजे.

अक्रा_ते_अकोला

उपाहारगृह किल्ल्याबाहेर काढावं, हे गावातही पुष्कळांना पटेल. तटाच्या बाहेर होड्या लागतात तिथे कोळणी मासे भाजतात. त्यांनाच गाळे बांधून दिले तर उत्पन्न कंत्राटदाराकडे न जाता थेट त्यांच्या हातात पडेल. मंडळाने सुरुवात तिथून करावी.